ओल्या जमिनींत ट्रॅक्टर : पेरणीपूर्व मशागतीचा विचार

कृष्णाकांठच्या काळ्या जमिनींत पेरणीपूर्वीं ट्रॅक्टर केव्हां घालावा, हा प्रश्न वरकरणी लहान दिसतो. परंतु त्याच्या उत्तरावर पुढील तीन-चार पिकांचें नशीब अवलंबून असतें, असें आमचें निरीक्षण आहे. महसूल खात्याच्या नोकरींत सातारा व सांगली या दोन्ही जिल्ह्यांतील बांधांवरून आम्हांस पुष्कळ वर्षें फिरावें लागलें. पीकपाहणी, आणेवारी, पुराचे पंचनामे या निमित्तांनीं जीं शेतें पाहिलीं, त्यांत एक गोष्ट वारंवार नजरेस आली. बांधाच्या अलीकडे गहूं दाट व हिरवागार उभा, आणि पलीकडे विरळ व पिंवळा. माती तीच, पाणी तेंच, बीं तेंच, खताची मात्राही तीच. चौकशी केली तर फरक बहुधा एवढाच निघे, कीं एकानें वाफसा आल्यावर जमीन केली, आणि दुसऱ्यानें ट्रॅक्टर मिळाला त्या दिवशीं केली.

सातारा आणि सांगली हे पूर्वीं एकाच जिल्ह्याचे भाग. १९४९ सालीं दक्षिण सातारा वेगळा काढण्यांत आला व १९६० सालीं त्यास सांगली हें नांव मिळालें. दप्तरें वेगळीं झालीं, नदी मात्र एकच राहिली. महाबळेश्वरीं साडेपांच हजार मिलिमीटरांच्या घरांत पाऊस पडतो; माण व आटपाडी भागांत तो ५०० च्या आसपासच थांबतो; आणि या दोहोंच्या मधून वाई, कऱ्हाड, वाळवें, पलूस, मिरज असा काळ्या मातीचा पट्टा नदीबरोबर उतरत जातो. या पट्ट्याच्या खालच्या भागांत पाऊस माफक असूनही जमीन ओली असते, याचें कारण कालवे, उपसा योजना आणि बारा महिने उभा असणारा ऊंस. कऱ्हाडजवळच्या खोडशीच्या बंधाऱ्यावरून कृष्णा कालवा एकोणिसाव्या शतकांतच वाहूं लागला, म्हणजे या मातीस ओलीचा सहवास आजचा नव्हे. त्यांत २००५, २०१९ आणि २०२१ या सालीं पुरानें नदीकांठचीं शेतें कित्येक दिवस पाण्याखालीं ठेवलीं. २०१९ च्या ऑगस्टांत सांगलीच्या आयर्विन पुलापाशीं पाणी ५७ फुटांच्या वर गेलें होतें. तेथें ४५ फूट ही धोक्याची खूण आहे. पूर ओसरल्यावर गाळानें भरलेल्या शेतांत पहिल्या उन्हासरशी ट्रॅक्टर घालण्याची जी घाई होते, ती आम्हीं जवळून पाहिली आहे.

घाईस कारण नाहीं असें मात्र कोणी म्हणूं नये. सोयाबीन निघतें तोंच हस्त-चित्राचा पाऊस येतो. बागायती गव्हाची वेळेवरची पेरणी नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यांतली. त्यापुढें प्रत्येक पंधरवड्यास हेक्टरीं सुमारें अडीच क्विंटल उत्पन्न घटतें, असें कृषि विद्यापीठाची शिफारस सांगते. तेव्हां थांबावें तर वेळ जाते, आणि न थांबावें तर जमीन जाते. या दोहोंत वेळेचें नुकसान त्या सालापुरतें असतें, जमिनीचें तसें नसतें. हेंच पुढें दाखवावयाचें आहे.

वाफशाची परीक्षा

वाफसा हा शब्द आमच्या शेतकऱ्यास नवा नाहीं. मातीच्या कणांमधील मोठ्या पोकळ्यांतून जास्तीचें पाणी निघून जाऊन तेथें हवा शिरावी, आणि लहान पोकळ्यांत पिकापुरती ओल राहावी, या स्थितीस वाफसा म्हणतात. जुनीं माणसें तिलाच घात म्हणतात. मुरमाड जमिनीस पावसानंतर एक-दोन दिवसांत वाफसा येतो, मध्यम जमिनीस चार-पांच दिवस लागतात, खोल काळीस आठ-दहा, आणि ढगाळ हवेंत त्याहूनही अधिक. परंतु दिवस मोजून ट्रॅक्टर सांगूं नये. माती पाहून सांगावा.

वरची माती वाऱ्यानें सुकून पांढुरकी दिसते, पाय भरत नाहीं, आणि तेवढ्यावरून पुष्कळजण फसतात. अवजार ज्या खोलीपर्यंत जावयाचें, त्याहून दोन बोटें खालची माती कुदळीनें काढावी. ती मुठींत दाबून लिंबाएवढा गोळा करावा आणि कमरेच्या उंचीवरून कठीण जागीं सोडावा. फुटून भुगा झाला तर वाफसा आहे. नुसता चपटा झाला तर नाहीं. दुसरी खूण अशी कीं, तीच माती अंगठा व तर्जनी यांमध्यें चोळून तिची पट्टी निघाली आणि पट्टीवर चकाकी आली, तर त्या दिवशीं ट्रॅक्टर बांधाबाहेर ठेवावा. ही परीक्षा शेताच्या एकाच कोपऱ्यांत करूं नये. पाटाच्या कडेची, मधली व सखल भागांतली अशी तीन ठिकाणची माती पाहावी. सखल कोपरा ओला आणि बाकीचें शेत तयार असेल, तर तेवढा कोपरा सोडून द्यावा. चौकोन पुरा करण्याच्या हौसेपायीं दोन गुंठ्यांची नासाडी करण्यांत अर्थ नाहीं.

जमिनीच्या पोटांत काय होतें

काळी माती चिकणमातीनें भरलेली असते. ओलीनें ती फुगते व उन्हानें आकसते, हा तिचा मूळ स्वभाव. ती पुरती ओली असतां तिच्यावर भार पडला, कीं कण एकमेकांवरून सरकतात, हवेच्या पोकळ्या मिटतात आणि लोण्यावर सुरी फिरवावी तसा तळ गुळगुळीत होतो. नांगराचा फाळ, रोटाव्हेटरचीं पातीं आणि जागीं फिरणारें चाक हीं तिन्हीही हेंच काम करतात. वर निघालेलीं चकचकीत ढेकळें दोन दिवसांच्या उन्हांत विटेसारखीं होतात. मग तीं फोडण्यासाठीं रोटाव्हेटरच्या दोन-तीन फेऱ्या होतात, मातीचें पीठ होतें, पहिल्या पाण्यासरशीं तें पीठ बसतें, त्यावर पापडी धरते आणि गव्हाचा कोंब त्या पापडीखालीं वाकडा होऊन राहतो. शेतकरी बियाण्यास दोष देतो.

परंतु खरें नुकसान सहा-आठ इंचांवर असतें, जेथें नजर पोंचत नाहीं. तेथें एक घट्ट थर बसतो. पाणी त्यावर अडतें, मुळें त्यावरून आडवीं वळतात. अडलेलें पाणी उन्हानें वर चढून उडून जातें आणि क्षार पृष्ठभागीं सोडतें. क्षारपड होण्याचें मुख्य कारण अति पाणी व निचऱ्याचा अभाव हें होय. नीरा खोऱ्यांतील खारवट जमिनींचा अभ्यास डॉ. हॅरल्ड मॅन यांनीं विसाव्या शतकाच्या आरंभींच केला होता. तथापि घट्ट थर त्या रोगास हातभार लावतो, यांत शंका नाहीं.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे, जी आम्हांस जत व वाळवें या दोन तालुक्यांतील जमिनी लागोपाठ पाहतां उमगली. जतेकडील कोरडवाहू काळीस चैत्र-वैशाखांत हात जाईल एवढ्या भेगा पडतात. त्या भेगांतून घट्ट थर आपोआप तुटतो; वरची भुसभुशीत माती खालीं जाते; जमीन आपली दुरुस्ती आपण करते. वाळव्याकडील उंसाच्या जमिनीस उन्हाळाच माहीत नाहीं. लावण, खोडवा, पुन्हां लावण, आणि दर आठ-दहा दिवसांनीं पाणी. तिला भेग पडत नाहीं, म्हणून एकदां बसलेला थर वर्षानुवर्षें तसाच राहतो. ज्या जमिनीस ट्रॅक्टरचा उपद्रव अधिक, तिलाच बरें होण्याची संधी नाहीं. बागाईतदारानें म्हणूनच कोरडवाहू शेतकऱ्याहून अधिक जपलें पाहिजे. प्रत्यक्षांत उलट दिसतें.

थर आहे कीं नाहीं हें पाहण्यास पैसा लागत नाहीं. जमीन सर्वत्र सारखी ओली असतां बोटाएवढ्या जाडीची लोखंडी सळई हातानें दाबावी. ती सरळ जात असतां अमुक खोलीवर अडली आणि जोर केल्यावर पुन्हां सैल गेली, तर तो थर. खात्री करावयाची तर दीड फूट खड्डा घेऊन त्याची भिंत पाहावी. पापुद्र्यासारखी आडवी माती आणि आडवीं मुळें दिसतात.

बैलाचा नकार

बैलांच्या दिवसांत ही आपत्ति एवढी नव्हती. बैलाचा खूर लहान असल्यानें त्याचा दाब कमी असतो असें नव्हे. उलट खुराखालीं तो बराच असतो. पण एका खिल्लार बैलाचें वजन ४०० ते ५०० किलो, आणि दाब खोल जावयाचा तो एकूण भाराच्या प्रमाणांत जातो. आजचा ४०-४५ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर दोन टनांच्या आसपास असतो, त्यामागें रोटाव्हेटर तीन-चारशें किलोंचा. उंसानें भरलेल्या दोन ट्रॉल्या जोडल्या कीं सारा भार १५ टनांहून अधिक होतो, आणि तो ओल्या सरींतून बाहेर काढला जातो. वरवरचा दाब टायरांतील हवेवर ठरतो, खोलवरचा आंसावरील वजनावर. त्यांतही बहुतेक नुकसान पहिल्याच फेरींत होतें. एकदांच तर गेला, या म्हणण्यांत समाधान मानण्यासारखें कांहीं नाहीं.

दुसरा भेद याहून मोठा. चिखलांत बैल थांबतो. पाय रुततांच तो मान टाकतो, आणि मालकास औत सोडावें लागतें. ट्रॅक्टर नकार देत नाहीं. लोखंडी नांगराविरुद्धही एके काळीं ओरड होती. लोखंडानें जमीन नासते असें म्हणत. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं तो नांगर चिकाटीनें खपविला, १९१० सालीं औंध संस्थानाच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी केली, आणि जमीन कांहीं नासली नाहीं. ट्रॅक्टराविषयीं आम्ही त्या जुन्या ओरडीचा पुनरुच्चार करीत आहोंत, असा कोणी समज करून घेऊं नये. मजूर मिळत नाहींत, बैल ठेवणें परवडत नाहीं, ट्रॅक्टर हवाच. बैल जो नकार देत असे, तो आतां माणसानें दिला पाहिजे, एवढेंच.

मशागतीचा क्रम

प्रथम पाणी काढावें, मग अवजार. शेताच्या सखल बाजूस चर खणून त्याचें तोंड ओढ्यास मिळवावें. चर असून तोंड बुजलेलें, असें दहांपैकीं पांच ठिकाणीं दिसतें. ज्यांची जमीन कायमची पाणथळ झाली आहे, त्यांनीं भूमिगत सच्छिद्र नळांच्या निचऱ्याचा विचार करावा. तो खर्चाचा आहे व एकट्यानें होण्यासारखा नाहीं, कारण नळाचें पाणी शेवटीं कोणाच्या तरी बांधावरून जावें लागतें. मिरज तालुक्यांत कसबे डिग्रज येथें कृषि विद्यापीठाचें संशोधन केंद्र आहे. तेथील सल्ला घ्यावा. चोपण जमिनीचा प्रकार निराळा. तिच्यांतील सोडियममुळें माती पाण्यांत विरघळल्यासारखी होते व वाफसा येतच नाहीं. तेथें थांबून उपयोग नाहीं. माती तपासून जिप्सम, धैंचाचें हिरवळीचें खत आणि निचरा, हाच उपाय.

पाणी निघाल्यावरही खालची माती ओली असेल आणि वर पापडी धरली असेल, तर हलक्या फणाच्या कल्टिव्हेटरनें किंवा मिळाल्यास बैलाच्या कुळवानें दोन-तीन इंचच माती मोकळी करावी. हवा शिरते व वाफसा लवकर येतो. पुराच्या गाळाच्या शेतांतही हाच क्रम: गाळास तडे जाईपर्यंत थांबावें, पापडी फोडावी, पुन्हां थांबावें, आणि मग गाळ मूळ मातींत मिसळेल अशी नांगरट करावी. पल्टी नांगर चालवितांना एका बाजूचीं चाकें तासाच्या तळाशीं धांवतात, म्हणजे भार थेट खालच्या थरावर पडतो. म्हणून नांगरट उन्हाळ्यांत, कोरड्यांत करावी. थर फोडणारा सबसॉयलर तर एप्रिल-मे शिवाय चालवूंच नये. कोरड्या मातींत तो थरास तडे पाडतो; ओलींत नुसती एक चीर पाडतो, आणि ती पहिल्या पाण्यानें मिटते.

चाक घसरतें किती, हें मोजण्याची एक सोपी रीत आहे. मागच्या चाकावर खडूनें खूण करावी. अवजार उचलून कठीण जमिनीवर चाकाचे दहा फेरे होऊं द्यावेत व अंतर मोजावें; समजा तें ४० मीटर भरलें. मग शेतांत अवजार लावून तसेच दहा फेरे मोजावेत. ३४ मीटर भरले तर घसरण शेंकडा १५, तोंवर ठीक. ३० भरले तर शेंकडा २५. त्या दिवशीं माती चालण्याजोगी नाहीं आणि डिझेलही मातींत जात आहे. टायरांतील हवा शेतकामास रस्त्याहून कमी लागते. कंपनीच्या पुस्तकांत जो आंकडा असेल तो ठेवावा. ट्रॉली ओढतांनाची हवा घेऊन शेतांत उतरूं नये. शक्य तर प्रत्येक फेरींत त्याच चाकोरींतून जावें. शेताचा थोडा भाग पुरता दबेल, पण बाकीचा वांचेल.

रोटाव्हेटराविषयीं आमचें मत थोडें कडक आहे. एका फेरींत शेत गादीसारखें दिसतें, म्हणून तो लोकांस आवडतो. तो दर हंगामास त्याच खोलीवर फिरला, कीं त्या खोलीवर तळ बसणारच. वर्षांतून एकदां, वाफशावर, आणि तोही फणाची पाळी आधीं देऊन. याहून अधिक त्याची गरज काळ्या जमिनीस नाहीं. गव्हास तांदळाच्या कण्यांएवढी माती लागत नाहीं. बियाभोंवतीं बारीक व वर हरभऱ्याएवढीं ढेकळें, ही घडण उत्तम. तिच्यावर पापडी धरत नाहीं.

पाटण-जावळीकडील भातकरी यावर हंसतील. ते तर मुद्दाम पाणी साठवून, ट्रॅक्टरास लोखंडी जाळीचीं चाकें लावून चिखलणी करतात. त्यांचें बरोबर आहे. भातास पाणी धरून ठेवणारा तळ हवाच असतो. अडचण येते ती भातामागून हरभरा किंवा गहूं घेणारास. त्यानें खाचराचा निचरा भात निसवल्यानंतर दाणा भरतांच सुरू करावा.

मैदानाची हिरवळ

अलीकडे शाळांच्या मैदानावर व कार्यालयांपुढें हिरवळ लावण्याची आवड वाढली आहे, आणि तें कामही ट्रॅक्टरवाल्यासच सांगितलें जातें. शेतांत ज्या हरळीशीं आयुष्यभर वैर केलें, तीच येथें पैसे देऊन पेरावी लागते, हा एक विनोदच. पण जमिनीचा नियम तोच. इमारत बांधतांना जड वाहनांनीं ओली माती दाबलेली असते. त्यावर चार बोटें पोयटा टाकून बीं पेरलें, कीं पहिल्या पावसाळ्यांत मैदानाचें तळें होतें. मूळ जमीन उन्हाळ्यांत खोल फोडून घ्यावी. मधून कडेस शंभर फुटांस एक फूट असा उतार द्यावा. काळ्या मातींत थोडी वाळू मिसळण्याचा उपद्व्याप करूं नये. ती विटेसारखी होते. दोनदां पाणी देऊन लव्हाळा उगवूं द्यावा आणि गांठींसह खणून काढावा. रोटाव्हेटर त्याच्या गांठी मैदानभर वांटतो. शेवटची पातळी फळीनें झाल्यावर ट्रॅक्टर आंत आणूं नये. हरळीचें बीं फार बारीक, म्हणून कोरड्या रेतींत मिसळून निम्मे उभें व निम्मे आडवें फेंकावें, पाव इंचाहून अधिक झांकूं नये, आणि वरची माती हाताला चिकटत नसेल तेव्हांच हलका रूळ हातानें फिरवावा. डिसेंबर-जानेवारीच्या थंडींत तें उगवत नाहीं. बीं न मिळाल्यास चार-चार इंचांवर कांड्या लावाव्यात. त्या जास्त खात्रीच्या.

पाळीचा प्रश्न

आतां मुख्य अडचणीकडे वळूं. वीस-तीस गुंठेवाल्याजवळ स्वतःचा ट्रॅक्टर नसतो. भाड्याचा ट्रॅक्टर येतो तो मालकाच्या सोयीनें. आज नको म्हटलें, तर पुन्हां पंधरा दिवस फिरकत नाहीं. अशा माणसास वाफशाचा उपदेश करणें म्हणजे उपाशी माणसास पथ्य सांगणें होय. हा प्रश्न एकट्याच्या शहाणपणानें सुटणारा नसून सोसायटीनें सोडवावयाचा आहे.

आमची सूचना अशी. पाळी नांवानें किंवा ओळखीनें न ठरतां जमिनीनें ठरावी. कृष्णाकांठच्या बहुतेक गांवांत शिवार नदीस समांतर पट्ट्यांत पडलेलें आहे: वर माळाची मुरमाड जमीन, मध्यें मध्यम काळी, खालीं खोल काळी व नदीची मळी. वाफसाही याच क्रमानें उतरतो. ट्रॅक्टर माळावरून निघून पट्ट्यापट्ट्यानें नदीकडे आला, तर प्रत्येकास आपली घात सांपडते, आणि एकाच पट्ट्यांत लागोपाठ काम मिळाल्यानें मालकाची इकडून तिकडे होणारी वणवणही वांचते. भाडें सर्वांस एकरीं सारखेंच ठेवावें. पाळी मागें गेली म्हणून खालच्या पट्ट्यांतील सभासदाचा नंबर रद्द होणार नाहीं, असा ठराव आधींच करून ठेवावा. त्याची घाई बहुतांशीं या भीतीपोटींच असते.

यासाठीं एक साधी नोंदवही पुरे. रकाने सहा: गट नंबर, खातेदाराचें नांव, क्षेत्र, मातीचा प्रकार, शेवटचा पाऊस किंवा पाणी यांची तारीख, आणि गोळ्याची परीक्षा उतरल्याची तारीख. मातीचा प्रकार एकदांच लिहावयाचा आहे. परीक्षा प्रत्येक वस्तींतील एका सभासदानें करावी व आपल्या स्वतःच्या शेताची दुसऱ्याकडून करवून घ्यावी. वही सोसायटीच्या कचेरींत सर्वांस दिसेल अशी ठेवावी. शेवटचे दोन रकाने पेन्सिलीनें भरावेत, कारण मध्येंच पाऊस आला तर तारखा खोडून नव्यानें लिहाव्या लागतात.